मृगाचा प्रसाद आणि याप्य व्याधी

सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस, म्हणजे जून महिन्याची सात किंवा आठ तारीख, आपल्याकडे पेरणीचा दिवस मानला जातो. पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबादच्या काळ्या कापूसपट्टीतही शेतकऱ्याचे डोळे त्याच दिवसाकडे लागलेले असतात. तेलंगणात या दिवसास 'मृगशिर कार्ते' म्हणतात. त्या दिवशी घरोघरी मासे शिजतात. जे मासे खात नाहीत ते हिंग आणि गूळ खातात. पावसाळ्याच्या तोंडाशी अंगात ऊब राहावी ही त्यामागील समजूत. परंतु दम्याच्या रोग्यांस त्या दिवशी आणखी एका गोष्टीची ओढ असते, आणि ती म्हणजे हैदराबादेस मिळणारा माशाचा प्रसाद. त्या प्रसादाचा इतिहास, आणि त्यानिमित्ताने ॲलर्जीच्या रोग्याने देव, वैद्य व डॉक्टर यांपैकी कोणाकडे काय मागावे हा प्रश्न, आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. वकिलाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की या प्रकरणातील अर्धा वाद शब्दांचा आहे, आणि शब्दांचा अर्थ लावणे हा तर आमचा धंदाच होय.

आमची आत्या आदिलाबादेस दिली होती. तिचे यजमान तेथील एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस होते आणि बिऱ्हाडही कारखान्याच्या भिंतीला लागूनच होते. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की हवेत तंतू आणि धूळ तरंगू लागे, आणि आत्याचा दमा उसळे. रात्रीच्या रात्री ती उशांना टेकून बसून काढी. १९९१ च्या जूनमध्ये तिला हैदराबादेस नेण्याचे ठरले. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो आणि सुटीसाठी तिच्याकडे गेलो होतो, म्हणून आमचीही वर्णी लागली. निघण्याच्या दिवशी शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उपदेश केला की, देवाच्या दारी जाताना डॉक्टरचा पंप बरोबर नेला तर श्रद्धा पातळ होते. आत्याने पंप देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला.

रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो. महबूब घाटात आत्यास दम लागला. निर्मळ येईपर्यंत तिच्या ओठांचा रंग बदलला होता आणि तिला एक शब्दही बोलवत नव्हता. निर्मळ त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले तेव्हा ते वेगळे निघाले. तेथील सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता एका तरुण डॉक्टरने शिरेत इंजेक्शन दिले, प्राणवायू लावला, आणि पहाटेपर्यंत तो खाटेपाशी उभा राहिला. उजाडल्यावर आत्या परिचारिकेचा हात धरून आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "देव बरें करूं." त्या बाईस कोकणी येत नव्हती, पण तिला अर्थ कळला असावा. डॉक्टरने यात्रा मोडण्यास सांगितले नाही. त्याने नवा पंप विकत आणावयास लावला आणि म्हटले, "खुशाल जा, पण हा पदरात बांधून जा."

आता ज्या यात्रेस आम्ही निघालो होतो तिचा वृत्तांत. हैदराबादेतील बथिनी गौड घराण्यात अशी परंपरागत हकीकत आहे की १८४५ साली, म्हणजे निजाम नासिरुद्दौला यांच्या कारकिर्दीत, त्यांचे पूर्वज वीरण्णा गौड यांस एका साधूने दम्यावरील एका औषधी लेपाची कृती सांगितली. अट अशी घातली की त्याबद्दल कधीही मोबदला घेऊ नये आणि कृती घराबाहेर जाऊ देऊ नये. जुन्या शहरातील दूधबावली येथील घरी हा लेप दिला जाऊ लागला. तेलुगूत त्यास 'चेप मंदु', म्हणजे माशाचे औषध, हे नाव पडले. दोन-तीन इंच लांबीच्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळसर लेपाची गोळी ठेवावयाची आणि तो मासा रोग्याने तसाच गिळावयाचा. वळवळत घशाखाली जाणारा मासा कफाची वाट मोकळी करतो अशी श्रद्धा आहे. शाकाहारी माणसास तोच लेप गुळातून देतात. असे लागोपाठ तीन वर्षे करावे आणि प्रत्येक वेळी पंचेचाळीस दिवस पथ्य पाळावे, असा दंडक आहे.

गर्दी वाढत गेली तेव्हा हा सोहळा नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर होऊ लागला. मासे पुरविण्याची व्यवस्था सरकारचे मत्स्यखाते करू लागले आणि बंदोबस्तास पोलीस आले. महासाथीमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे तो बंद राहिला आणि २०२३ च्या मृगास पुन्हा सुरू झाला. इतकी वर्षे फुकट वाटण्याचे व्रत पाळणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल त्या घराण्याचा आदर आम्ही मोकळ्या मनाने करतो. मासे खाण्याचे आमच्या ज्ञातीस कोणी शिकवावयास नको. तरीही जिवंत मासा गिळण्याचे धैर्य आत्यास झाले नाही. तिने गुळातला लेप घेतला.

आदिलाबादेस परतल्यावर आत्याच्या यजमानांनी तिला एका वृद्ध वैद्यांकडे नेले. त्यांनी नाडी पाहिली, घर कोठे आहे ते विचारले आणि म्हणाले, "बाई, हा तमक श्वास. जुना झाला आहे. शास्त्रात याला याप्य म्हटले आहे." तो शब्द आम्ही प्रथम तेव्हा ऐकला. त्याचा अर्थ कळावयास मात्र आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचा विचार आहे. श्वासाचे जे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत त्यांतील तमक श्वासाचे वर्णन वाचताना आजचा डॉक्टरही थक्क होईल. धूळ, धूर, वारा, थंड जागा व थंड पाणी यांनी श्वासरोग उपजतो. तमकाच्या रोग्यास आडवे होताच कोंडते आणि उठून बसल्यावर बरे वाटते. उष्ण पदार्थ त्यास सुखावतात. आभाळ आले, पाऊस पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. हे सर्व त्या ग्रंथात आहे. आणि शेवटी ग्रंथकार निवाडा देतो की हा रोग याप्य आहे. नुकताच उद्भवला असेल तर साध्य होऊ शकेल. साध्य म्हणजे बरा होणारा, असाध्य म्हणजे हाताबाहेर गेलेला, आणि या दोहोंच्या मधला तो याप्य. उपचार चालू आहे तोवर तो ताब्यात राहतो. उपचार सोडला की पुन्हा डोके वर काढतो. कलत्या घरास टेकू दिला तर घर उभे राहते, पण टेकू काढून घेता येत नाही. याप्याचे तसेच आहे.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने बनविला. एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थास शरीराने शत्रू समजून प्रतिकार करावा, हा त्याचा आशय. या प्रतिकारामागील 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य १९६६-६७ च्या सुमारास अमेरिका आणि स्वीडन येथील संशोधकांस सापडले. आपल्या वैद्यांना हे प्रतिद्रव्य ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण एकास जे मानवते ते दुसऱ्यास मानवत नाही, हे सात्म्य-असात्म्याचे तत्त्व त्यांस ठाऊक होते. अंगावर पित्त उठते त्याचे शीतपित्त, उदर्द आणि कोठ असे भेद त्यांनी केले होते; आणि रोगाचे कारण टाळणे, म्हणजे निदानपरिवर्जन, ही त्यांची पहिली चिकित्सा होती. आदिलाबादच्या वैद्यबुवांनीही आत्यास अडुळशाचा काढा देण्याआधी बिऱ्हाड बदलावयास सांगितले. कापसाच्या धुळीपासून दूर जाणे हेच तिचे अर्धे औषध ठरले. पंपाविषयी ते म्हणाले, "तो टेकू आहे. तो काढावयास मी सांगणार नाही."

येथे कोणी विचारील की, पुष्कळ लोकांस माशाच्या प्रसादाने बरे वाटते, त्याची वाट काय? त्यांस बरे वाटते हे खोटे नव्हे. २०११ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे ३९ दमेकऱ्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्या रोग्यांस आलटूनपालटून खरा पंप, औषध नसलेला पंप आणि नुसता देखावा केलेला सूचिवेध देण्यात आला. काही वेळा काहीच दिले नाही. 'किती बरे वाटले' असे विचारता पहिल्या तिन्ही प्रकारांत रोग्यांनी जवळजवळ सारखेच उत्तर दिले: निम्म्याच्या आसपास आराम. पण यंत्रावर श्वास मोजला तेव्हा खऱ्या पंपाने तो वीस टक्के वाढला होता आणि बाकीच्या सर्वांत सात टक्क्यांच्या आसपासच. बरे वाटणे आणि बरे असणे यांत एवढे अंतर आहे. डोकेदुखीत या अंतराने फारसे बिघडत नाही. दम्यात मात्र रोग्यास बरे वाटत असताना श्वासनलिका आतून आवळलेली राहू शकते, आणि धोका आहे तो याच जागी.

म्हणून जुन्या औषधांस हसावे असे मुळीच नाही. धोत्र्याच्या धुराने दमा उतरतो हे आपल्या लोकांस ठाऊक होते. १८०२ च्या सुमारास मद्रासेहून हा उपाय विलायतेत गेला. धोत्र्याच्या जातीच्या वनस्पतींतील ॲट्रोपिनपासून पुढे जे औषध तयार झाले ते आज दम्याच्या पंपातून दिले जाते. अडुळशातील व्हॅसिसीनवरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन निघाले. पण धोत्रा हे विषही आहे. त्याचे औषध झाले ते मात्रा मोजल्यामुळे आणि परीक्षा झाल्यामुळे. परीक्षेचा निकाल दोन्ही बाजूंस लागू शकतो, याचे उदाहरण अंतमूळ या वेलीचे आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षसंस्थेतील डॉ. शिवपुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास या वेलीचे पान दम्याच्या व ॲलर्जीच्या सर्दीच्या रोग्यांस दिले. खरे पान कोणास आणि खोटे कोणास हे रोगी व डॉक्टर या दोघांपासूनही लपवून त्यांनी प्रयोग केले आणि गुण येतो असे जाहीर केले. १९७९ साली दुसऱ्या संशोधकांनी तशीच परीक्षा घेतली, तेव्हा फरक आढळला नाही. प्राणायाम व आसने यांची गोष्ट अधिक उजवी आहे. १९८५ साली बंगळूरच्या डॉ. नागरत्ना व डॉ. नागेंद्र यांनी नेहमीच्या औषधाच्या जोडीस योगाभ्यास देऊन ५३ रोग्यांची तुलना तितक्याच इतर रोग्यांशी केली. योगाभ्यास करणाऱ्यांचे झटके कमी झाले. २०१६ साली १५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यांतूनही थोडासा लाभ दिसला. लाभ थोडा आहे, आणि तो औषधाच्या जोडीस आहे. त्यास पूरक म्हणावे. पर्यायी म्हणू नये.

वनस्पती म्हटली की ती निरुपद्रवी, हाही एक गोड भ्रम आहे. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदलेले गाजर गवत आज देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने कातडीस भयंकर खाज सुटते व परागांनी सर्दी होते. ते सूर्यफुलाच्या कुळातले. शेवंती त्याच कुळातली. ज्यास गाजर गवताची ॲलर्जी जडली त्यास शेवंतीही बाधू शकते. आपल्या देवळांत हार गुंफणाऱ्या आणि निर्माल्य उचलणाऱ्या मंडळींच्या हातांस वर्षानुवर्षे खाज असेल, तर लेप चोपडण्याआधी हे ध्यानात घ्यावे. देवाच्या अंगावरचे फूलही एखाद्या देहास असात्म्य असू शकते. त्यात देवाचा अपमान नाही.

आता शब्दांकडे वळू. औषधाच्या आणि जादूच्या इलाजांच्या फसव्या जाहिरातींस आळा घालण्यासाठी संसदेने १९५४ साली कायदा केला. जादूच्या इलाजाच्या व्याख्येत तावीज, मंत्र आणि कवच यांचा नावाने उल्लेख आहे. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने हा कायदा भाषणस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की असल्या औषधांच्या व्यापारी जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. मात्र सरकारने मनास येईल तो रोग यादीत घालावा, ही मोकळीक न्यायालयाने रद्द केली. मग १९६३ साली दुरुस्ती झाली. ज्या रोगात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या सल्ल्याने वेळेवर उपचार होणे आवश्यक आहे, किंवा ज्यावर सर्वमान्य उपाय सहसा नाही, असेच रोग नियमांनी यादीत घालता येतील असे ठरले. औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीतही दम्याचे नाव आहे. कोणत्याही औषधाने तो बरा होतो असा दावा करता येत नाही. कायद्याची ही भाषा आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांस आदिलाबादचे वैद्यबुवा आठवले. 'याप्य' या एका शब्दात त्यांनी जे सांगितले, तेच संसदेस सांगावयास एवढे खटाटोप करावे लागले.

विवेकवादी संघटनांनी, विशेषतः जन विज्ञान वेदिकेने, माशाच्या औषधावर आक्षेप घेतले. लेपात काय आहे ते कळल्यावाचून त्यास औषध कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे 'औषध' हा शब्द मागे पडला आणि 'प्रसाद' हा शब्द रूढ झाला. कित्येकांस ही पळवाट वाटते. आम्हांस मात्र त्यात नकळत सत्यच बोलले गेले असे वाटते. आपल्या देवळांत वाढलेल्या माणसास प्रसाद म्हणजे काय ते सांगावयास नको. बासरच्या सरस्वतीपुढे मुलाच्या हाती पाटी देतो, ती त्यास शाळेतून काढण्यासाठी नव्हे. प्रसाद मनास धीर देतो आणि माणसास माणसांत आणतो, आणि त्याची परीक्षा कोणी मागत नाही, कारण तो कसलाही दावा करीत नाही. औषध दावा करते, म्हणून त्यास साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. गुप्त कृतीस त्या पिंजऱ्यात येता येत नाही.

उघड कृतीचे उदाहरण त्याच शहरात आहे. हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनी १९२० साली काढलेले 'जिंदा तिलिस्मात' निजामाच्या राज्यात घराघरांत पोचले होते; आत्याच्या फडताळातही ती लहान बाटली असे. नावाचा अर्थ जिवंत जादू. पण आत जादू काही नाही; नीलगिरीचे तेल, कापूर, पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि रंगासाठी रतनज्योत आहे. घटक ठाऊक असल्यामुळे उग्र वासाने ज्याचा दमा चाळवतो त्यास डॉक्टर 'हे तुम्ही लावू नका' असे सांगू शकतो. गुप्त लेपाविषयी तो काय सांगणार?

आत्या पुढे आणखी दोन मृग हैदराबादेस गेली. व्रत अर्धवट टाकावयाचे नाही म्हणून. पण प्रत्येक खेपेस तिच्या पिशवीत गुळाच्या पुडीशेजारी पंप असे, आणि पंचेचाळीस दिवसांच्या पथ्यातही तो चुकत नसे. ती ऐंशी वर्षे जगली. दमा तिच्याबरोबरच राहिला, घरातल्या एखाद्या कुरकुऱ्या पण ताब्यात ठेवलेल्या माणसासारखा. कोणी विचारले की, "मग गुण कशाने आला?" तर ती हसून म्हणे, "गुण आला असे कोण म्हणतो? मी त्याला सांभाळते."

पुढच्या मृगास ज्यांच्या घरून कोणी हैदराबादेस जावयाचे असेल त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. जाणाऱ्यास अडवू नका, आणि त्याची चेष्टाही करू नका. मात्र निघताना पिशवीत पंप आहे की नाही, ते एकदा स्वतःच्या हाताने चाचपून पाहा.